मुंगळ्याचे मेसेज

तिचा पाय पडला तो थेट त्याच्या हातावर. दातांच्या दवाखान्यात तो टेबलाखाली शिरून वायरी जोडत होता आणि ती, तिथली रिसेप्शनिस्ट, उशीर झाला म्हणून धावतपळत खुर्चीशी आली होती.

"मला वाटलं, मुंगळाच आहे," ती ओशाळून म्हणाली.

"मग मुंगळा म्हणून तरी लक्षात ठेवा..."

पेशंटना जाणाऱ्या मेसेजवर नंबराऐवजी दवाखान्याचं नाव दिसावं, ही सोय करायला कंपनीने त्याला पाठवलं होतं. चाचणीसाठी म्हणून त्याने तिचा नंबर घेतला. जरा वेळाने तिच्या फोनवर मेसेज आला. वर नंबर नव्हताच, नाव होतं – मुंगळा. खाली एवढंच, 'हात दुखतोय.'

ती उत्तर लिहायला गेली, तर जाईना. अशा नावाला उत्तर पाठवता येत नाही, त्याने समजावलं.

"उत्तर समोरासमोर द्यायचं," तो हळूच म्हणाला.

मग काय, स्वारी काहीतरी निमित्त काढून रोज हजर. सकाळी मुंगळ्याचा मेसेज, संध्याकाळी जिन्यात तिचं उत्तर – कधी बोलून, कधी नुसतं बघून... त्याचा नंबर मागायचं तिला सुचलंही नाही. रोज नाव दिसत होतं, नंबर हवाय कुणाला? बाईसाहेब हवेत होत्या.

घरी मात्र मामाने स्थळ आणलं. तिने जिन्यात त्याच्या कानावर घातलं. सकाळी मेसेज आला, 'रविवारी येतो. आईंशी बोलतो.' तिने आईला सगळं सांगून टाकलं, मामाला नकार कळवला. रविवारी आईने ठेवणीतल्या कपबशा काढल्या. त्या तशाच राहिल्या.

आजारी असेल, अडकला असेल... तिचा जीव टांगणीला लागला. शेवटी मुंगळ्याचा मेसेज आला. 'आईंशी बोलतो'च्या अगदी खाली – 'लहान मुलांच्या बुटांवर भरघोस सूट.'

कंपनीचा नवा माणूस दवाखान्यात आला, तेव्हा तिने विचारलं. आधीचा नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेला, सगळ्यांचा हसतखेळत निरोप घेऊन गेला, असं त्याने सांगितलं. 'मुंगळा' हे नाव तेव्हापासून रिकामं होतं, ते बुटांच्या दुकानाने घेतलं.

"माझ्याकडे त्याचा नंबर नव्हता हो," ती म्हणाली. "नाहीतर मी..."

नवा माणूस वायर गुंडाळत होता. "पण तुमचा त्याच्याकडे असेल ना?"

एवढं एकच तिने स्वतःला विचारलं नव्हतं. तोंडाला पानं पुसून गेला होता, आणि ती अजून त्याच्यासाठी सबबी शोधत होती. तिने पुढच्या पेशंटला हाक मारली.