निरोपाची फुंकर

तेजोमेघाच्या पोटात माणसं राहायला येऊन बारा पिढ्या झाल्या होत्या आणि बाराही पिढ्यांनी एकच काम केलं होतं: मेघ ढवळत ठेवायचा. वायू खळबळत असला तर स्वतःच्या वजनाने कोसळत नाही. खळबळ थांबली की त्याच्या गाठी होतात, गाठी आकसून तापतात आणि तारा पेटतो. त्या ताऱ्याच्या झोतात वसाहत टिकणार नाही. म्हणून धक्कायंत्रं आळीपाळीने चहूकडे लाटा सोडत.

इंदुमती कारखानीस या यंत्रांची प्रमुख. आज तिचा कामाचा शेवटचा दिवस. गुडघे ठणकत होते, तिला फक्त झोपायचं होतं. पण जाताना प्रमुखाने एक जादा लाट सोडायचा रिवाज होता. तिला निरोपाची फुंकर म्हणत. दिशा ठरलेली: वसाहतीतल्या मृतांची राख जिथे सोडत, तिकडे. तिच्या नवऱ्याची, प्रल्हादची राख तिथेच होती. तिच्याआधी प्रमुख तोच होता.

"इंदुताई, फुंकर सोडू नका," वायुशास्त्रज्ञ डॉ. गद्रे म्हणाले.

"मी काय तुमचं घोडं मारलंय?"

"तिथे गाठ झालीय. रोजच्या लाटा वायू उधळतात. फुंकरी मात्र सगळ्या एकाच जागी जातात, वायू दाबतात. गाठीची अलीकडची बाजू आपल्यापासून लांब चाललीय, पलीकडची आपल्याकडे येतेय. म्हणजे वायू आत ओढला जातोय. अजून विरू शकेल."

"तारा कधी पेटेल?"

"दहाएक हजार वर्षांनी."

"तोवर माझे गुडघे बरे होतील."

गद्रे हसले नाहीत. "तुमच्याच फुंकरीने गाठ विरण्याची मर्यादा ओलांडेल असं नाही. ओलांडणार नाही, असंही मला सांगता येत नाही."

"प्रल्हादला हे सांगितलं होतंत?"

"सांगितलं होतं. त्यांच्या आईची राख तिथे होती."

काम सोडलं त्या दिवशी प्रल्हाद घरी येऊन जेवला नव्हता. थकलोय, एवढंच म्हणाला होता.

यंत्रापाशी माणसं मान खाली घालून उभी होती. नवी प्रमुख म्हणजे तिचीच मुलगी, रेवती. इंदुमतीने यंत्राचं तोंड दुसरीकडे वळवलं. मग रेवती हळूच म्हणाली, "आई, बाबा तिकडे नाहीत."

इंदुमतीने तोंड पुन्हा जुन्या जागी आणलं आणि दांडा ओढला.

"तू काम सोडशील ना, तेव्हा कोणीतरी डॉक्टर तुला काही सांगायला येतील," ती रेवतीला म्हणाली. "नीट ऐकून घे. तोवर मी तिथेच असेन."