हात धुतलेस का रे?

आज दुकानात चष्मेवाल्याला हसलात ना? हसलात. मी पाहिलं. मोबाईलचे सहा आकडे दाबताना दोनदा चुकला बिचारा, आणि तुम्ही एकमेकांना कोपरखळ्या मारत होतात, की म्हाताऱ्याला अंगठा ठेवून मोबाईल उघडायची अक्कल नाही. तो दिवा जरा बारीक करा आणि ऐका. ही कुठून तरी कानावर आलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली त्यानंच मला सांगितली, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही.

मागच्या वर्षी फेब्रुवारी संपत आला होता. अमावस्या वगैरे काही नाही, साधा मंगळवार. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढून चष्मेवाला भाड्याची गाडी घेऊन दातवाल्याच्या घरी निघाला. दातवाला म्हणजे त्याचा जुना मित्र, दातांचा डॉक्टर. महिन्यापूर्वीच वारला होता. त्याच्या बायकोचा फोन आला होता, ‘भावोजी, ते यंत्र घेऊन जा एकदाचं.’

यंत्र म्हणजे गाण्यांचा ॲम्प्लिफायर. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अरे, तुम्ही तसला पाहिलाच नाहीत. पन्नास वर्षांपूर्वीचा. दोघांनी उचलावा असा जड. पुढचा सगळा पत्रा ॲल्युमिनियमचा, त्यावर केसाएवढ्या बारीक आडव्या रेघा. दोन्ही बाजूंना अक्रोडाच्या लाकडाच्या फळ्या. मधोमध काचेच्या दोन खिडक्या आणि प्रत्येकीत एक काटा. चालू केला की खिडक्यांच्या मागे मधासारखा पिवळा उजेड पसरायचा आणि गाण्याबरोबर काटे डोलायचे. आणि आवाजाचा नॉब! भरीव, थंडगार. फिरवला की आत बारीक टिक टिक व्हायचं. ते कानाला नाही, बोटालाच ऐकू येतं म्हणे.

म्हणे, कारण चष्मेवाल्यानं तो कधी फिरवला नव्हता. सगळी गोम तिथेच होती.

वीस वर्षं दर रविवारी तो समोरच्या खुर्चीत बसून गाणी ऐकायचा. लक्ष गाण्याकडे कमी, दातवाल्याच्या बोटांकडे जास्त. दातवाला आधी हात धुवायचा, अगदी कोपरापर्यंत, पेशंटच्या तोंडात घालण्याआधी धुवायचा तसे. मग कोरडे करायचा. मग कुठे नॉब धरायचा. यानं नुसता हात पुढे केला, की लगेच, “हात धुतलेस का रे?” हा धुऊन आला, तरी, “राहू दे. डाग पडतो.” शेवटी चष्मेवाल्यानं आपल्या दुकानातली चष्मा पुसायची मऊ पिवळी फडकी नेऊन दिली. फडकी ठेवून घेतली त्यानं. हात काही लावू दिला नाही.

चष्मेवाला जळायचा. मला म्हणाला, “लोक दुसऱ्याच्या बंगल्यावर जळतात, गाडीवर जळतात. मी एका नॉबवर जळलो. रविवारी रात्री घरी आलो की झोप लागायची नाही.”

एक मात्र खरं, दातवाल्याचा हात फार हलका. दात कधी निघाला ते पेशंटला कळायचं नाही. आ वासून विचारायचे, “डॉक्टर, सुरू कधी करणार?” आणि दात केव्हाच ताटलीत पडलेला.

तर, चष्मेवाला पोचला तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या.

“न्या ती सवत,” त्या म्हणाल्या. “माझ्या गालावरून फिरला नाही इतका हात तिच्यावरून फिरला यांचा.”

हसल्या, पण हसणं कडू होतं. यंत्राला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. चष्मेवाल्यानं आणि ड्रायव्हरनं ते चादरीत गुंडाळून गाडीत ठेवलं. स्पीकर मोठे होते, ते रविवारी न्यायचं ठरलं. गाडी सुरू झाली तशा वहिनी खिडकीशी आल्या.

“भावोजी, हात मात्र धुऊन लावा हं.”

“हो हो,” हा म्हणाला. मनात म्हणाला, मेल्यावरही तेच!

चष्मेवाला दुकानाच्या वरच राहतो. बायको मुलीकडे गेली होती, घरात हा एकटा. यंत्र टेबलावर ठेवलं आणि त्याच्यासमोर बसून जेवला. घास घ्यायचा, बघायचं. घास घ्यायचा, बघायचं. जेवण झालं, पण हा उठला नाही. हात सुकले तसा पुन्हा ताटातलं तेल बोटांना लावून घेतलं. मुद्दाम. वीस वर्षांची जळजळ होती, ती अशी निघाली.

पावणेबारा वाजले असतील. दोन खिडक्यांच्या मधे जी कोरी चकचकीत जागा होती, तिथे त्यानं उजव्या हाताचा अंगठा टेकवला. दाबला. शिक्का मारतात तसा. उचलला तेव्हा पत्र्यावर तेलाचा ठसा स्वच्छ उमटला होता, रेघन् रेघ.

“बघ,” तो मोठ्यानं म्हणाला. “लावला हात. आता हे माझं.”

मग खटका वर केला. खिडक्यांत पिवळा उजेड आला. त्यानं नॉब धरला, फिरवला. टिक... टिक... टिक. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला सांगताना पुन्हा आलं. इतकं सुख त्या एवढ्याशा टिकटिकीत होतं, आणि ते त्या माणसानं एकदाही वाटून घेतलं नव्हतं.

तेवढ्यात काटे हलले.

आता नीट ऐका. स्पीकर तिकडे वहिनींच्या घरी. रेकॉर्ड प्लेअर जोडलेला नाही. भिंतीच्या वायरीखेरीज यंत्राला एकही वायर नव्हती. गाणं नाही, खरखर नाही. घरात चिडीचूप. आणि काटे हलत होते.

एक मोठी उडी. जरा थांबून दुसरी, तशीच. मग दोन बारीक.

थांबले.

असेल काही बिघाड, जुनं यंत्र आहे, असं म्हणून यानं नॉब शून्यावर आणला. टिक टिक करत अगदी खाली. काटे पुन्हा उडाले. मोठी... मोठी... बारीक, बारीक.

त्याला ही चाल ओळखीची वाटली. पण कुठल्या गाण्याची, ते आठवेना. तिसऱ्यांदा काटे उडाले, तेव्हा त्याचे ओठ आपोआप हलले.

हात... धुतलेस... का रे?

हा खुर्चीत गोठला. काटे पडून राहिलेले. वाट बघत असल्यासारखे.

आणि पोरांनो, तिथे त्यानं चूक केली. खरं बोलायचं, माफी मागायची. पण वीस वर्षांची सवय! याच प्रश्नाला दर रविवारी तो जे उत्तर द्यायचा, तेच तोंडून निघून गेलं.

“हो... धुतले.”

काटे हलले नाहीत.

मग दोन्ही एकदम उजवीकडे गेले. पार टोकाला. तिथेच अडकले.

उजेड विझला.

खोलीत काळोख... आणि वास. दवाखान्यातल्या साबणाचा.

त्याचा उजवा हात कुणीतरी उचलला. हळूच. मनगट धरून, वर. त्याला ओढून घेता आला नाही. ओरडता आलं नाही. तोंड उघडं... आवाज नाही.

अंगठ्यावर काहीतरी मऊ लागलं. फडकं. त्याच्याच दुकानातलं. बोटांना ओळख असते, तो म्हणतो.

ते फिरू लागलं. गोल... गोल... घाई न करता... गोल...

“दुखलं?” मी विचारलं त्याला.

“अजिबात नाही,” तो म्हणाला. “तेच तर.”

सकाळी मोबाईलच्या गजरानं जाग आली तेव्हा हा खुर्चीतच होता. यंत्राचा खटका बंद. पत्रा लखलखीत, तेलाचा मागमूस नाही. फडकं घरात कुठेच नाही. स्वप्नच पडलं असणार, असं म्हणून त्यानं हात स्वच्छ धुतले आणि गाडीवाल्याला बोलवायला मोबाईल उचलला. अंगठा ठेवला. उघडला नाही. शर्टाला पुसून पुन्हा ठेवला. नाही. तिसऱ्यांदा... नाही.

तसाच खाली दुकानात गेला. काउंटरचा दिवा लावला, खणातून भिंग काढलं आणि अंगठ्यावर धरलं. बराच वेळ धरून राहिला.

त्याच दुपारी यंत्र परत पोचवलं. वहिनींना त्यानं काही सांगितलं नाही, हात खिशातून काढलासुद्धा नाही. वहिनींनी यंत्राकडे पाहिलं, मग त्याच्या खिशाकडे.

“धुवायला सांगितलं होतं ना, भावोजी,” एवढंच म्हणाल्या, आणि दार लोटून घेतलं.

उद्या जाल दुकानात तेव्हा हसू नका. वाटलं तर विचारा, तो दाखवतो. नऊ बोटं तुमच्याआमच्यासारखीच आहेत. उजवा अंगठा तेवढा... मी स्वतः पाहिलाय, त्याच्याच भिंगातून. एक रेघ नाही त्याच्यावर. चष्म्याच्या काचेसारखा, पुसून ठेवलेला.