तो समजला, मी लाजते

रितिकाच्या साखरपुड्यात एक उंच मुलगा मठ्ठ्याचा जग घेऊन माझ्या पानापुढे थांबला.

"घ्या ना, एक घोट तरी."

"नको हो."

"नवरदेवाकडचा आग्रह आहे, मोडायचा नाही!"

चुलत बहिणीच्या सासरचा मान... घेतला बाई घोट. हनुवटी छातीशी टेकवली, गिळला. वर पाहते तर हा पठ्ठ्या जग धरून हसतोय! त्याला वाटलं, मी लाजले. सगळा घोळ इथूनच.

गौरांग त्याचं नाव. नवरदेवाचा मित्र, लकडगंजला फर्निचरचं दुकान. आणि मी मिनल, लाजणं माझ्या गावीही नाही. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत धड पोहोचत नाही. पायांचं एक वेळ चालून जातं, पण घशाचं... पातळ काही प्यायलं की ते श्वासनळीकडे पळतं. म्हणून थेरपिस्ट मॅडमनी शिकवलंय, छोटा घोट, हनुवटी खाली, मग गिळायचं. तोंडात घास असताना बोलायचं नाही. जेवतानाच दमायला होतं, त्यात सात किलो वजन उतरलं ते वेगळंच.

हे पहिल्या भेटीत कोण सांगतं? दुसऱ्या भेटीत सांगणार, तर हा म्हणतो, "तू अशी मान खाली घालते ना... बस, मी गेलोच!" आता बोला! तिसऱ्या भेटीत मी घट्ट मँगो शेक चमच्याने खात गप्प बसलेली, तर म्हणे, "किती शांत आहेस वं तू." मी आणि शांत! आई हसून हसून खुर्चीवरून पडली असती. हा माझ्यावर भाळलाय की माझ्या आजारावर, काही कळेना. आणि तरी मला इतकं छान काहून वाटून राहिलं होतं?

काल दुपारी फुटाळा तलावावर चहा पिताना तो एकदम म्हणाला, "रविवारी आईबाबाले घेऊन येऊ तुमच्या घरी?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले... आणि बघता बघता घोट घेतला. मान वरच!

असा ठसका लागला की श्वास मिळेना. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी. तो पार घाबरला. जरा सावरल्यावर मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे... तू लाजत नव्हती?"

"एकदाही नाही."

तो उठला, पाण्यापर्यंत गेला. गेला, संपलं, असं वाटलं. पण तो परत येऊन बाजूला बसला.

"हे वाढते का?"

"वाढू शकते. डॉक्टरलेही सांगता येत नाही."

"मले भीती वाटून राहिली, मिनल. मी लाजऱ्या पोरीच्या प्रेमात पडलो होतो. तशी पोरगी तर नाहीच म्हणते तू. मंग मी अजून इथंच काहून बसून आहो?"

"मले काय विचारतो? मलेच काही समजून नाही राहिलं!" मी ओरडलेच.

मग त्याने फोन काढला.

"आई, रविवारी जायचं आहे... नाही वं, लाजरी-बिजरी नाही, चांगली भांडखोर आहे. तिले एक आजार आहे, घरी येऊन सगळं सांगतो... हो, मोठा आहे. हो, घाबरलो ना मी पण... पण मले हीच पाहिजे, आई."

मला हसू येत होतं की रडू, देव जाणे. मी त्याची बाही घट्ट धरून ठेवली.