सहावी ओळ

भुताला न भिणारा साऱ्या डिंभ्यात एकच गडी, खंडूआबा. असं ते स्वतःच सांगतात. मागच्या साली मांजराला भूत समजून कणगीत लपून बसले होते, तेही स्वतःच सांगतात.

त्या दिवशी भादव्यातली दुपार होती. धरणावर ढग टेकलेले, वारा पडलेला, ओल्या जाळ्यांचा वास ओसरीपर्यंत आलेला. नात प्रतीक्षा लॅपटॉपपुढं नखं खात बसली होती. धरणाचं पाणी वाढलं की काठच्या लोकांना मोबाईलवर निरोप धाडणारा प्रोग्राम तिनं लिहिला होता. चारच्या आत तो पास झाला तर घरून काम कायम, नाहीतर सोमवारपासून पुणं.

“एवढं काय बघायचं असतं गं त्यात?”

“आबा, प्रोग्रामच्या भाषेच्या पाच आवृत्त्या चालू हायेत, जुन्या-नव्या. कुणाकडं कुठली असंल सांगता येत न्हाई. म्हणून मशीन आपोआप पाचींवर चालवून बघतंय. पास झालं की ओळ हिरवी, नापास झालं की लाल.”

“म्हंजे एकच जावई पाच सासवांना दाखवायचा!” आबा खिदळले.

खोडी त्यांनी आधीच करून ठेवली होती. चाचणीपुरती गावातली नावं तिनं मागितली, तर आबांनी सगळी मेलेली माणसं दिली. निरोप काही खरे जाणार नव्हते, आणि मेलेला माणूस तक्रार करत नाही! यादीत पहिला धर्माजी, त्यांचा होडीवरचा जोडीदार. थापा मारण्यात आबांच्याही वरचढ.

एक ओळ हिरवी. दोन. तीन. चार. पाचवीपुढचं चक्र नुसतंच फिरत राहिलं... आणि तीही हिरवी झाली. प्रतीक्षा नाचायला उठली, तोच खाली आणखी एक ओळ उमटली. आवृत्तीच्या जागी काहीच नाही. नुसतं चक्र फिरतंय.

“ही... ही मी न्हाई टाकली, आबा.”

ओळीपुढं अक्षरं आली. ‘धर्माजी : निरोप मिळाला. खंड्या, पाणी चढतंय. होडी वर घे.’

खंड्या म्हणणारा तो एकच. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

“आबा, पुरे तुमची मस्करी! चाराला दहा कमी हायेत. सगळ्या ओळी हिरव्या लागत्यात!”

आबा अनवाणीच काठाकडं पळाले. पाणी खरंच चढलं होतं. सकाळी होडी बांधलेला खुंट बुडाला होता. होडी मात्र वर, जांभळीच्या बुंध्याला. दोराला उलटी दुहेरी गाठ... तशी गाठ साऱ्या काठावर एकटा धर्माजी मारायचा. दोर ओला होता. त्याला ताज्या तंबाखूचा वास येत होता.

आबांच्या अंगावर काटा आला, आणि हसूही आलं. त्यांनी दोरावर हात ठेवला. “मिळाला रे... मिळाला निरोप.”

वर घरातून आरोळी आली. “हिरवी! सहावीबी हिरवी झाली, आबा!”

प्रतीक्षा गुळाचा खडा घेऊन उड्या मारतच खाली आली आणि तो आबांच्या तोंडात कोंबला. आबांनी कसाबसा गिळला.

“पोरी, तुझ्या गळ्याशपथ, ह्यातलं मी कायबी केलं न्हाई.”

प्रतीक्षा पोट धरून हसली. “धर्माजीबाबा मेल्यावर का व्हईना, खरं बोलाय लागलं. तुमी कवा लागणार?”