बॅन्जोला गप्प करताना

"तुझ्या बॅन्जोला दारं नाहीत का गं?"

डेल्फाने वर पाहिलं. फिडलवाल्यांच्या मेळाव्यात, तिच्या तंबूशी, काखोटीला फिडल, म्हणजे गावाकडचं व्हायोलिन, मारून कुणी एक उभा. ओळख ना पाळख!

"आवाज बाहेर पडतो तो पडतच राहतो," तो म्हणाला. "एखादं दार लाव की."

ती चिडली... कारण खरं होतं.

दुखणं असं — अग्निशमन केंद्राच्या हॉलमधला शुक्रवारचा नाच. मिस ऑली नाचणाऱ्यांना ओरडून पावलं सांगते, आणि डेल्फाच्या घुमणाऱ्या तारांत तिचं ओरडणं बुडतं. गेल्या शुक्रवारी 'जोडीदार बदला' कुणाला ऐकूच गेलं नाही. पाद्रीबाबा थेट शेरीफच्या मिठीत. मिस ऑलीने बजावलं होतं, "पोरी, पुन्हा असं झालं तर वादकांतल्या तुझ्या खुर्चीत बॅन्जो घेऊन माझा भाचा बसेल."

ती खुर्ची! लहानपणापासून डेल्फाला दुसरं काही नकोच होतं.

"मी शिकवतो," तो म्हणाला. नाव वायली.

*

सोमवार. तिच्या घराची ओसरी.

"नखाने तार मारलीस की तळहाताची टाच, हा मनगटाजवळचा भाग, टेकव. बॅन्जोवर ताणलेल्या कातड्यावर."

धप्प.

"आवाजच मेला," डेल्फा म्हणाली.

"पुन्हा."

धप्प.

"अरे, हा बॅन्जो आहे की भिजलेली उशी?"

"मनगट सैल..." त्याने तिचं मनगट धरलं. जरा जास्तच वेळ.

"सैलच आहे. सोड!"

(सोडलं. तिला तेही आवडलं नाही.)

मंगळवार — धप्प. बुधवार — धप्प, आणि एक शिवी. गुरुवारी तिने बॅन्जो झोपाळ्यावर ठेवला, घरात गेली, दार आपटलं. वायली बाहेरून म्हणाला, "हे दार मात्र छान लागतं हं तुझं!"

*

शुक्रवार. हॉल घामेजलेला. पहिलीच गत, तिने तळहाताची टाच टेकवली — धप्प. मिस ऑलीचा भाचा खुर्चीवरून अर्धा उठला.

खड्ड्यात गेली ती टाच!

डेल्फाने हात ढिला सोडला. नखाने तार मारली आणि उरलेली बोटं आपसूक तारांवर पडू दिली — नुसती, मांजराच्या पंजासारखी. टक्. तार बोलली नि गप्प झाली. टक्... डिंग... टक्. त्या फटीतून मिस ऑलीचा आवाज स्वच्छ गेला: "जोडीदार बदला!"

सगळे बदलले. बरोबर.

भाचा खाली बसला.

*

"खुर्ची तुझी," मिस ऑली म्हणाली. "शिकवलं कुणी?"

"वायलीने."

"या फिडलवाल्याने?" म्हातारी खोकेपर्यंत हसली. "अगं, यानं जन्मात बॅन्जो धरलेला नाही! माझ्या भाच्याकडे जायचंस, त्याला येतं सगळं."

*

बाहेर, वायलीच्या पिकअपच्या मागच्या फळीवर.

"आठवडाभर! चुकीचं!"

"हो."

"खुर्ची गेली असती माझी!"

"माहीत आहे. आत हॉलमध्ये मी मेलोच होतो."

"मग भाच्याचं नाव का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर..." वायली बुटांकडे बघत राहिला. "ओसरीवर तो बसला असता ना. मी नाही."

डेल्फाला भयंकर राग आला. इतका, की हसूच फुटलं.

तिने बॅन्जो उचलून त्याच्या मांडीवर आदळला. त्याचा हात धरला, बोट वाकवलं, तारांवरून ओढलं. सगळ्या तारा एकदम घुमल्या — बेसूर, बेलगाम, पार डोंगरापर्यंत.

"थांबवू?" त्याने विचारलं.

त्याच्या खांद्यावर डोकं टेकवत ती म्हणाली, "खबरदार."