कलपालट

लोयचिंगच्या नाक्यावर गाडी थांबली की पासपोर्टाच्या आधी चालकाचं डोकं तपासत. सीमेच्या अलीकडे, भारतात, वाहनं डावीकडून चालत आणि पलीकडे उजवीकडून. परक्या देशात गाडी चालवणाऱ्याला नियम पाठ असतात, पण वळणावर अचानक समोर ट्रक आला की तो नियम आठवत बसत नाही. हात आपणहून फिरतात आणि ते जुन्याच बाजूला फिरतात. या एका सवयीपायी दर वर्षी इतके प्रवासी मरत, की शेवटी दोन्ही सरकारांनी कलपालट सक्तीचा केला.

कल म्हणजे मेंदूत मुरलेली बाजूची सवय. नाकात औषधाचा फवारा मारला की ती सवय काही मिनिटं ओल्या मातीसारखी मऊ होते. मग डोक्यावर टोप चढवून चुंबकीय ठोके दिले की तिथे उलटी सवय उमटते. परतताना पुन्हा तसंच. मात्र दोन पालटांमध्ये आठवडाभराचं अंतर लागे. नव्या कारमध्ये चालकाचा कल सुकाणूवरच ओळखला जाई आणि तो त्या देशाशी जुळला नाही, तर इंजिन सुरूच होत नसे. स्वतःहून चालणाऱ्या गाड्या या डोंगरात निरुपयोगी होत्या. दरडींमुळे इथला रस्ता सारखा बदलायचा.

मिरजेचे हेरंब आणि मृणाल ढोबळे सकाळीच नाका ओलांडून पलीकडे गेले होते. हेरंब शाळेत भूगोल शिकवायचा. हा रस्ता त्याने वर्गात नकाशावर अनेकदा काढून दाखवला होता. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर तो डोळ्यांनी बघायला दोघं निघाली होती.

दुपार कलायच्या आत त्यांची गाडी परत नाक्याशी आली. मागच्या सीटवर मृणाल आडवी होती. एका झऱ्यापाशी ती हात धुवायला वाकली असताना तिला नाग चावला होता. पलीकडच्या गावातल्या दवाखान्यात त्यावरची लस नव्हती. ती होती भारताच्या बाजूला, डोंगर उतरून गेल्यावरच्या जिल्हा रुग्णालयात.

नाक्यावर कल पालटायचं ते पालटघर, तिथल्या डॉक्टर थोइबी देवी धावत बाहेर आल्या. त्या मणिपूरच्या, पण शिक्षण पुण्यात झाल्यामुळे मराठी बऱ्यापैकी बोलत. त्यांनी मृणालच्या पापण्या उचलून पाहिल्या. त्या पुन्हा खाली पडल्या.

"श्वास थांबत आलाय," त्या म्हणाल्या. त्यांनी आतून श्वासाची पिशवी आणली आणि मृणालच्या तोंडावर मास्क धरून दाबायला सुरुवात केली. "हे आता कुणीतरी सतत करायला हवं."

"अँब्युलन्स?"

"एका बाळंतिणीला घेऊन खाली गेलीय. धुकं आहे, हेलिकॉप्टर उतरणार नाही."

"मग तुमच्यापैकी कुणीतरी गाडी चालवा."

"मला कार चालवता येत नाही. पहाऱ्यावरच्या दोघांनाही नाही. आज दुसरं वाहनही आलेलं नाही."

हेरंबने पालटघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझा कल परत पालटा."

"सकाळचाच पालट आहे तुमचा. अजून ओला आहे तो."

"म्हणजे काय होईल?"

"ओल्या पाटीवर पुन्हा लिहिलं की आधीचं पुसतं आणि नवंही धड उमटत नाही. गाडी चालवता येईल, तेवढं उमटेल. बाकीचं मला सांगता येत नाही. माणसांवर आम्ही हे कधी केलेलं नाही."

"बाकीचं म्हणजे?"

"कल फक्त रस्त्यापुरता आहे, असं आम्ही धरून चाललोय," थोइबी म्हणाल्या. त्यांचे हात पिशवीवर चालूच होते. "तो आणखी कशाकशाला चिकटलाय, ते कुणी पाहिलेलं नाही."

हेरंबने मृणालकडे पाहिलं. तिचे ओठ निळसर पडले होते.

"करा," तो म्हणाला.

पहारेकऱ्याला पिशवी दाबायला शिकवून थोइबींनी हेरंबला टोप चढवला. तो उठला तेव्हा त्याला काहीच वेगळं वाटलं नाही. त्याने सुकाणूवर हात ठेवले आणि इंजिन सुरू झालं. सगळा घाट तो डाव्या बाजूने, एकदाही न चुकता उतरला. मागे पिशवीचा आवाज येत होता. तो थोडा लांबला की हेरंब विचारायचा, "आहे ना?" आणि थोइबी म्हणायच्या, "आहे. समोर बघा."

मृणाल वाचली.

मिरजेला परतल्यावर पहिले काही दिवस तिच्या काही ध्यानात आलं नाही. हेरंब शाळेत जायला लागला, मुलांच्या वह्या तपासायला लागला. मग एका रविवारी त्याने खुर्चीशी उभं राहून विचारलं, "इथे बसलं तर चालेल?" ती हसली. तो हसला नाही. तो चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवायचा, पाण्याचा पेला स्वतः विसळून पालथा घालायचा आणि कपाट उघडण्याआधी तिच्याकडे बघायचा. त्याची आई इस्लामपूरहून आली, तेव्हा त्याने तिला वाकून नमस्कार केला आणि प्रवास कसा झाला, हे अगदी अदबीने विचारलं. स्वयंपाकघरात आल्यावर आईने मृणालला विचारलं, "माझ्यावर रागावलाय का गं तो?"

मृणालने थोइबींना फोन केला. त्या स्वतः मिरजेला आल्या. त्यांनी दोन दिवस हेरंबच्या तपासण्या केल्या आणि तिसऱ्या दिवशी तो शाळेत गेल्यावर मृणालला समोर बसवलं.

"तुम्ही घरी अंधारात दिव्याचं बटण शोधता का?"

"नाही. हात जातो."

"हात जातो, म्हणून ते घर आपलं वाटतं. आम्हाला वाटायचं, आपलेपण हृदयात असतं, आठवणीत असतं. आठवणी त्यांच्या शाबूत आहेत. पण शरीर न विचारता जिथे वळतं, त्याला मेंदू आपलं म्हणतो. तो धागा कलातच गुंतलेला होता. घाईच्या पालटात तो तुटला."

"जोडता येत नाही?"

"नाही." थोइबींनी मान खाली घातली. "आणि हे फक्त त्यांचंच नाही. सीमेवरचे ट्रकवाले दर आठवड्याला पालट घेतात. अंतर पाळून, कायद्याने. त्यांचा धागा तुटत नाही, झिजतो. त्यांच्यापैकी कुणी तक्रार केली नाही. ते हळूहळू घरी जायचे बंद होतात. बायका म्हणतात, बाहेर कुणीतरी असेल. आम्हीही तेच समजत होतो."

"मग हे थांबवा ना."

"कलपालटामुळे रस्त्यावर माणसं मरत नाहीत, ताई. मेलेल्यांची मोजदाद होते. ही अशी माणसं कशी मोजायची, ते मला कुणी सांगत नाही."

संध्याकाळी हेरंब घरी आला. दाराशी थांबला. मृणालने आत ये म्हटल्यावर आत आला. तिने त्याला जे कळलं ते सगळं सांगितलं, काही न लपवता. त्याने ते लक्ष देऊन ऐकलं.

"बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला. "हे माझं घर आहे, हे मला माहीत आहे. पण दर वेळी आठवून घ्यावं लागतं."

"माझ्यासाठी केलंस तू हे."

"हो. तेव्हा मला विचार करावा लागला नव्हता."

तिला पुढचं विचारायचं नव्हतं, तरी तिने विचारलं. "आणि आज नाग चावला तर?"

हेरंब खोटं बोलणारा माणूस नव्हता. तो खुर्चीच्या कडेवर, पाहुण्यासारखा बसला होता. बराच वेळ त्याने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"तरीही नेईन," तो म्हणाला. "कुणालाही नेलं असतं."