खड्याला पाणी

फवारणीची बाटली मोडली म्हणून मी बोईसर स्टेशनाजवळच्या दुकानात गेले होते. साधी प्लॅस्टिकची बाटली, न्हावी केसांवर पाणी मारायला वापरतात तसली. दुकानदार म्हणाला, "काकी, कुंड्यांना मारायचं तर मोठी घ्या." मी म्हटलं, "मोठी नको, माझी झाडं नखाएवढी आहेत." तो हसला. मला काही हसू आलं नाही. त्या दिवसांत बाहेर कुणाशी दोन वाक्यं बोलले, तर तेवढ्यावरच मला संध्याकाळपर्यंत काढावं लागायचं.

झाडं खरं तर आमच्या ह्यांची. नामदेव त्यांचं नाव. दांडी गावच्या मच्छीमारांच्या घरात जन्मले, पण होडीत बसलं की ओकाऱ्या व्हायच्या, म्हणून बोईसरला कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं देवाच्या नादी लागतात, हे दगडांच्या नादी लागले. लिथॉप्स म्हणतात त्या रोपांना. आफ्रिकेतल्या उजाड माळावर उगवतात. दोन जाडजूड पानं, मधे चीर, माथ्यावर ठिपके. खडीत ठेवली तर रोप कुठलं आणि दगड कुठला, कळायचं नाही.

ह्यांनी बी मागवलं. कागदाच्या पुडीत होतं, तपकिरीइतकं बारीक. माझी रव्याची चाळणी घेऊन ह्यांनी खडी चाळली, धुतली, वर माझ्याच तव्यावर भाजली. आठवडाभर चपातीला सिमेंटचा वास. मग मिठाईच्या उथळ डब्यात खडी पसरून, श्वास रोखून, चिमटीने बी भुरभुरलं. मी शेजारी उभी राहून शिंक आल्याचं सोंग केलं. असे दचकले! "हंसे, तुला कदी अक्कल येनार नाय," म्हणाले आणि मग स्वतःच हसत बसले.

टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे कोंब आले. वर्षभरात ते मुगाएवढे झाले. मी म्हणायची, "तुमच्या दगडांना फुलं येईस्तोवर आपण दोघं वर जाऊ." तर भिंग माझ्या हातात देऊन म्हणायचे, "हे ठिपके बघ. तुज्या हनवटीवर हायत तसेच." माझ्या हनवटीवर गोंदण आहे, तीन ठिपक्यांचं. लहानपणी आजीने धरून बसवून करून घेतलेलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला बजावून ठेवली होती. थंडी सरली की रोपाच्या पोटात नवं रोप तयार होतं. ते बाहेरचं पाणी मागत नाही, जुन्या पानांतलंच पितं. जुनं सुरकुततं, वाळून कागदासारखं होतं आणि नवं मोकळं होतं. "तेव्हा पाणी तोडायचं. जुनं सुकतंय म्हणून दया आली नि पाणी घातलंस, तर जुनं मरत नाय नि नवं सुटत नाय. दोगंपन एकमेकांत कुजतात."

गणपती झाले आणि त्याच आठवड्यात हे गेले. जेवायला बसले होते. "हंसे, पाणी," एवढंच म्हणाले. मी आतून तांब्या घेऊन येईपर्यंत मान कलली होती. तांब्या माझ्या हातातच राहिला.

मुलगी कॅनडात, पूर्वी तिचं नाव; मुलगा नाही. तेव्हा सगळं पुतण्याने केलं, रूपेशने. आमच्यात चितेपाशी एक खडा उचलतात. गेलेलं माणूस त्यात आहे असं धरून दहाव्यापर्यंत त्याच्यावर पाणी घालतात, त्याची तहान भागवतात आणि मग समुद्रात सोडतात. जीवखडा म्हणतात त्याला. रूपेशने तो लाटांत टाकला तेव्हा मी लांब, नारळीखाली बसले होते. पाण्यात पडल्याचा आवाज काही मला आला नाही. भरतीची गाज होती, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

कार्याला आलेली पूर्वी कॅनडाला परत गेली आणि घर खायला उठलं. दोनच खोल्या, पण संपता संपत नव्हत्या. मग मी खिडकीतल्या डब्याची देखभाल हातात घेतली. नवी बाटली आणली त्या संध्याकाळी नीट बघितलं, तर रोपांच्या मधोमध एक खडा होता. सुपारीएवढा, करडा. एका अंगाला काजळी, आणि मधून पांढरी रेघ. शोभेसाठी ह्यांनीच कधी ठेवला असेल, असं मला वाटलं.

मी पाणी मारलं. सगळी खडी ओली काळी झाली. तो एकटाच कोरडा राहिला. पुन्हा मारलं. थेंब त्याच्यावर पडत होते आणि दिसेनासे होत होते.

तेवढ्यात वीज गेली. कारखान्यांच्या बाजूने तो नेहमीचा वास आला, सडक्या बटाट्यांसारखा. खालच्या रस्त्यावरची रिक्षा लांब गेली आणि सगळं गप्प झालं. त्या गप्पपणात माझ्या अगदी जवळ कुणीतरी पाणी प्यायलं. घट्… घट्… आणि शेवटी, "हां…"

तांब्या वर धरून एका दमात पाणी प्यायचे आणि शेवटी "हां…" करायचे, ते फक्त आमचे हे.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. दुसरं माणूस घाबरून पळालं असतं. मी खुर्ची ओढून खिडकीपाशी बसले आणि भाजीवाल्याने मेथी कशी जून दिली ते सांगत राहिले. मग रोजचंच झालं. तिन्हीसांजेला दिवा लावायचा, पाणी मारायचं, दिवसभराचं बोलायचं. पलीकडून शब्द यायचा नाही, पण "हां…" यायचं. संसारात तरी ह्याहून जास्त उत्तर कधी मिळालं होतं!

पौषात रूपेश सुके बोंबील घेऊन आला. चहा घेता घेता खिडकीकडे गेला आणि कप तसाच हातात धरून उभा राहिला.

"काकी… यो खडा कुठशी आला?"

"काकांनी ठेवलाय."

"काकांनी नाय." त्याचा आवाज एकदम खाली गेला. "दहा दिस मी याच्यावर पाणी घातलाय. ही रेघ… ही काजळी… मी वळखतो."

"तू तर समुद्रात टाकलास ना?"

"टाकला…"

शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली आणि आम्ही दोघंही दचकलो.

"तुमी याला पाणी घालता काय, काकी?"

मी खिडकीतली बाटली पदराआड केली.

"नका घालू. पाणी मिळतं तवर काका जानार नाय, परत परत येनार. त्यांना सुटू दे ना…" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी काकांच्या खांद्यावरून जत्रा बघितलेला पोरगा तो. "आदी पाणी तोडा. होळी झाली की आमची बोट लांब जानार हाय. मी खोल पाण्यात सोडतो."

मी हो म्हटलं. ह्यांनी सुटायला हवं, हे मला कळत होतं. ते सुटले की मी ह्या दोन खोल्यांत पुरती एकटी, हेही कळत होतं.

थंडी सरत आली. रोपं सुरकुतायला लागली होती, म्हणजे तसंही पाणी तोडायचीच वेळ होती. मी बाटली कपाटात ठेवून दिली.

तेव्हापासून मला तहान लागायला लागली. तांबेच्या तांबे रिचवायची आणि जीभ टाळूला चिकटलेलीच. हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. बोटातली अंगठी भांडी घासताना गळून पडली. पूर्वी फोनवर मला बघून म्हणाली, "आई, किती वाळलीस गं तू! डॉक्टरकडे जा." गेले. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, पाणी पीत जा.

खडा मात्र कोरडाठाक असूनही टरारलेला दिसायचा. पांढऱ्या रेघेला बारीक चीर पडली होती. आत डोकावून बघायचं मी टाळलं.

आणि तिन्हीसांजेला हाक यायची. खिडकीतून नाही, हे जेवायला बसायचे तिथून.

"हंसे… पाणी…"

मी कानांवर हात घेऊन देवापुढे बसायची. रडायची. उद्या हाक नको येऊ दे, म्हणायची. आणि दुसऱ्या दिवशी हाक यायला थोडा उशीर झाला, तर तिकडेच कान लावून बसायची.

होळीच्या संध्याकाळी सगळी इमारत खाली जमली होती. पोरांच्या बोंबा वरपर्यंत येत होत्या. भाजलेल्या नारळाचा वास येत होता. कुणी मला बोलवायला आलं नाही. मी अंधारात बसले होते आणि हाक आली. रोजच्यासारखी नाही. त्या दिवशी जेवताना आली होती तशी, साधी, बायकोवर भरवसा ठेवणारी.

"हंसे, पाणी."

मी उठले. तांब्या भरला, धावत खिडकीपाशी गेले आणि अख्खा त्या खड्यावर ओतला. त्या दिवशी मला उशीर झाला होता. आज झाला नाही.

घट्… घट्… घट्… डब्यात थेंबही साचला नाही. मग "हां…" आलं, पोट भरल्याचं, आणि मी तिथेच जमिनीवर बसून हुंदके देत रडले.

सकाळी रूपेश आला. "पाणी तोडलं व्हतं ना, काकी?" मी मान डोलावली. त्याने खड्याला नमस्कार केला, तो रुमालात बांधला आणि माझ्याकडे न बघता जिना उतरला. दुपारी त्याचा फोन आला. वाऱ्यात शब्द तुटत होते. "सोडला काकी… बुडाला… आवाज आयकला मी."

संध्याकाळ झाली. हाक आली नाही. मी वाट बघितली, तरी आली नाही. सुटले एकदाचे, असं म्हटलं आणि घराकडे बघवेना. दिवा लावला आणि डब्यापाशी गेले.

रोपं एकमेकांत कुजली होती. जुनी पानं मेली नव्हती, नवी सुटली नव्हती. बोट लावलं की लगदा होत होता. मधे, खडा होता तिथे खळगा पडला होता.

खळग्यात एक दुसरा खडा होता. चण्याएवढा, नवाकोरा. मी ह्यांचं भिंग आणलं. माथ्यावर तीन ठिपके होते. माझा हात आपोआप हनवटीवर गेला. खडा फिरवून फिरवून बघितला. काजळी कुठेच नव्हती. ह्याला अजून चितेची आग लागायची होती.

घशाला कोरड पडली. मी स्वयंपाकघरात गेले, तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. घसा तसाच कोरडा राहिला.

"हां…" खिडकीकडून आवाज आला.

तो ह्यांचा नव्हता.